कासवीची दृष्टी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, नववीतला एक विद्यार्थी काचेची बरणी घेऊन माझ्याकडे आला. बरणीच्या तळाशी ओलसर तांबडी माती होती आणि त्या मातीवर मुगाच्या दाण्याएवढा एक केसाळ जीव अंग चोरून बसला होता. सुट्टीत हा मुलगा सत्तरीत आपल्या मामाकडे गेला होता. तेथे कुळागराच्या वाटेवरील दरडीत त्याला एका मोठ्या कोळ्याचे बीळ दिसले आणि बिळाच्या तोंडाशी वावरणाऱ्या पिल्लांपैकी एक त्याने अलगद उचलून आणले.

"सर, हा मोठा केव्हा होईल?" त्याने विचारले.

बिळात राहणाऱ्या या थोर अंगाच्या कोळ्यांना जगभर टॅरँटुला म्हणतात. त्यांच्याविषयी जे थोडे वाचले होते ते मी त्याला सांगितले. हा जीव फार सावकाश वाढतो. पूर्ण वाढीला कित्येक वर्षे लागतात, आणि मादी असेल तर ती त्यानंतरही दहा-पंधरा वर्षे सहज जगते. त्याची वाढ रोज थोडी थोडी दिसत नाही. तो जुनी कात टाकतो तेव्हाच एकदम थोडा मोठा होतो, आणि दोन कातींच्या मधल्या काळात बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. कात टाकण्यापूर्वी तो अन्नाला तोंड लावीत नाही. अजाण माणसाला वाटते, हा उपाशी मरणार, म्हणून तो बळेच बरणीत किडे टाकतो. पण कात टाकल्यावर कोळ्याची त्वचा आणि त्याचे दातही मऊ असतात, त्या वेळी एखादा रातकिडासुद्धा त्याला जखमी करू शकतो.

"मग मी करायचे काय?" मुलाने विचारले.

"पाणी सुकू द्यायचे नाही, बरणी हलवायची नाही, आणि वाट पाहायची," मी म्हणालो. मुलाचा चेहरा उतरला. जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनात तळहाताएवढा कोळी मांडावा असा त्याचा बेत होता.

तो उतरलेला चेहरा पुढे कित्येक दिवस माझ्या डोळ्यांसमोर राहिला; कारण त्याचा प्रश्न आम्हा मोरजीकरांना मुळीच नवा नाही. शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते, त्याच्या उत्तरेला आमच्या तेंबवाड्याची वाळू पसरलेली आहे. या वाळूत हिवाळ्याच्या दिवसांत सागरी कासवे अंडी घालतात. अंड्यांभोवती कुंपण घातलेले असते, आत लहान लहान फलक रोवलेले असतात आणि प्रत्येक फलकावर तारीख लिहिलेली असते. कुंपणाशी येणारा पाहुणा मग गोव्याचा असो, मुंबईचा असो की रशियाचा, तो तेथील राखणदाराला हाच प्रश्न विचारतो : पिल्ले केव्हा बाहेर येणार? आज येतील का? उद्या सकाळचे विमान आहे, तोपर्यंत येतील का? या प्रश्नात वाईट काही नाही. त्यामागे कौतुकच असते. परंतु ज्या जिवाची वाढच मंद आहे, त्याच्या संगोपनात आपल्या उतावीळ कौतुकाला कितपत जागा द्यावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आणि त्याविषयी मला जे वाटते ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे कासव कसे वाढते ते पाहू. आमच्या किनाऱ्यावर येणारी कासवे मुख्यतः ऑलिव्ह रिडले या जातीची असतात. साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या काळात मादी रात्रीच्या वेळी वाळूवर चढते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवून आपल्या अंगाच्या भाराने वाळू दाबते आणि समुद्राकडे परत जाते. तिचे मातृकर्तव्य तेथे संपते. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस अंड्यांची काळजी वाळू आणि सूर्य घेतात. कवच फोडून बाहेर पडलेले पिल्लू लगेच वर येत नाही. खड्ड्यातली भावंडे एकमेकांच्या हालचालीने जागी होतात, सगळी मिळून वळवळू लागतात, डोक्यावरची वाळू खाली ढासळते, पायाखाली जमते, आणि त्या उंचावणाऱ्या तळावरून ती सारी थोडी थोडी वर सरकतात. एकटे पडलेले पिल्लू बहुधा वर पोहोचत नाही. या चढणीला काही दिवस लागतात. वरची वाळू तापलेली असली तर ती तेथेच थांबतात आणि रात्री गारवा आल्यावर बाहेर पडतात. बाहेर आलेले पिल्लू आपल्या अंगठ्याएवढे असते. त्याचे वजन तोळा-दीड तोळ्याहून अधिक नसते. पोटात अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो; तीच समुद्रातल्या पहिल्या दिवसांची शिदोरी.

आणि त्यानंतर? त्यानंतर ते आपल्या नजरेआड होते. पूर्ण वाढ होऊन स्वतः अंडी घालण्याजोगे व्हायला त्याला सुमारे बारा ते पंधरा वर्षे लागतात. वाटेत घारी आहेत, वाळूतले खेकडे आहेत, मोठे मासे आहेत, जाळी आहेत. हजार पिल्लांतून एखादेच त्या वयाला पोचते, असा जाणकारांचा अंदाज आहे. जे पोचते ते ज्या किनाऱ्याच्या वाळूत जन्मले त्याच परिसरात बहुधा परत येते. म्हणजे या वर्षी तेंबवाड्याहून निघालेले पिल्लू परत आलेच, तर आजचा नववीतला मुलगा तिशीच्या घरात पोहोचलेला असेल.

इतकी मंद ही वाढ. आणि आपण विचारतो, आज येतील का?

येथे मला माझ्या स्वतःच्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. नाहीतर हा सारा उपदेश कोरडा ठरेल. मी दहा वर्षांचा असेन. १९७० च्या दशकाचा तो मध्य. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ साली झालेला होता, पण तो आमच्या वाड्यापर्यंत पोहोचला नव्हता. कासवाची अंडी लोक खात, बाजारातही नेत, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. एका पहाटे रापणीच्या लोकांमागे वाळूवर हिंडताना आम्हा तिघा मित्रांना कासवाच्या पावलांचा माग दिसला. नदीच्या वाळूतून एखादी लहान होडी ओढून नेल्यासारखा तो माग असतो. आम्ही वाळू उकरली आणि बारा अंडी टोपलीत घालून घरी आणली. ती खाण्यासाठी नव्हे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. आम्हांला कासवे पाळायची होती. विहिरीमागे माडाच्या आळ्याजवळ खड्डा करून, समुद्रावरची वाळू आणून, आम्ही ती अंडी फार मायेने पुरली.

पण माया होती तसा धीर नव्हता. दर दोन-तीन दिवसांनी आम्ही वाळू बाजूला करीत असू. अंडे हातात घ्यायचे, उन्हाला धरायचे, कानाशी नेऊन हलवायचे, आणि उलटे-पालटे करून पुन्हा ठेवायचे. कोंबडी आपली अंडी फिरवते हे आम्हांला ठाऊक होते. तेव्हा आपणही ती फिरवावीत असे आमचे शास्त्र. महिनाभराने राहवेना म्हणून आम्ही एक अंडे फोडले. आत काय दिसले ते लिहीत नाही. मग दुसरे फोडले. मग साऱ्याच अंड्यांना वास येऊ लागला आणि आजीने ती दूर नेऊन पुरावयास लावली.

आपण काय केले, ते मला पुष्कळ वर्षांनी, वाचनाने कळले. कासवाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे नसते. घातल्यानंतर थोड्याच तासांत आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते अंडे फिरवले, तर तो नाजूक सांधा तुटतो आणि गर्भ मरतो. म्हणूनच भरतीच्या पाण्यापासून किंवा कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी अंडी हलवावी लागली, तर ती शक्य तितक्या लवकर, वरची बाजू वरच राखून हलवतात, आणि नव्या खड्ड्यात ठेवल्यावर पुन्हा हात लावीत नाहीत. आमची बारा अंडी कुत्र्याने खाल्ली नाहीत, भरतीने नेली नाहीत. ती आमच्या रोजच्या चौकशीने मेली.

या अनुभवावरून माझे एक मत बनले आहे आणि इतक्या वर्षांत ते बदललेले नाही. सावकाश वाढणाऱ्या जिवाला वाढवणे म्हणजे त्याच्यासाठी सतत काहीतरी करीत राहणे नव्हे. त्याच्यासाठी आवश्यक तेवढे एकदा नीट करावे, आणि नंतर त्याच्यापासून हात दूर ठेवून नजर मात्र ठेवावी. हात लावणे सोपे असते. नजर ठेवणे कठीण. कारण नजर ठेवणाऱ्याला रात्र रात्र जागावे लागते आणि त्याने काय केले हे कोणाला दिसत नाही.

आपल्या संतांच्या वाङ्मयात कासवीचा दृष्टांत वारंवार येतो. कासवी पिल्लांना पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून केवळ आपल्या दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना आहे. प्राणिशास्त्र सांगते की हे खरे नाही. सागरी कासवी तर आपली पिल्ले कधी पाहतसुद्धा नाही. परंतु तेंबवाड्यावर पहाटे दोन वाजता कुंपणाशी बसलेला राखणदार मी पाहिला आहे. अंगावर घोंगडी, हातात लाल कापड बांधलेली विजेरी, आणि डोळे वाळूवर. त्या वेळी मला वाटले, संतांची कल्पना चुकीची नव्हती. कासवीकडे नसलेली ती दृष्टी येथे माणसाने पत्करली आहे.

हे पत्करणे एका दिवसात झाले नाही. १९९६-९७ च्या सुमारास गोव्याच्या वन खात्याने गावातील लोकांना बरोबर घेऊन मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. काल-परवापर्यंत ज्या हातांनी अंडी उकरली होती, त्याच हातांवर अंडी राखण्याचे काम सोपवले गेले. माग कसा ओळखावा, वाळू कोठे पोकळ लागते, हे त्या हातांना अगोदरच ठाऊक होते. पुढे २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्याचे किनारे कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून नमूद झाले. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावातही अशीच कथा घडली. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. महोत्सवाला जाणाऱ्या शहरी माणसाला तेथे पहिला धडा मिळतो तो असा, की पिल्ले येतील याची हमी कोणी देत नाही. टोपली उचलली जाते. कधी खाली पिल्ले असतात, कधी नुसती वाळू. मग संध्याकाळी पुन्हा यायचे.

आता या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप माझ्या हुशार विद्यार्थ्यांचाच असतो. ते विचारतात, "सर, हजारात एकच जगत असेल, तर पिल्ले लगेच समुद्रात सोडायचीच कशाला? टाकीत ठेवून वर्षभर खाऊ घालावे, चांगली थाळीएवढी झाली म्हणजे सोडावे." प्रश्न रास्त आहे, आणि हा प्रयोग खरोखरच मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. आपल्या ऑलिव्ह रिडलेचे एक सख्खे भावंड मेक्सिकोच्या आखातात राहते. त्याला केम्प्स रिडले म्हणतात. १९४७ साली मेक्सिकोतल्या रांचो नुएवो या किनाऱ्यावर घेतलेल्या एका चित्रफितीत एकाच दिवशी सुमारे चाळीस हजार माद्या वाळूवर आलेल्या दिसतात. अंड्यांची लूट आणि मासेमारीची जाळी यांमुळे ही संख्या इतकी घसरली, की १९८५ साली सबंध हंगामात अवघी ७०२ घरटी मोजली गेली. जात नष्ट होणार असे वाटू लागले तेव्हा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, पॅड्रे बेटाच्या किनाऱ्यावर, तिची दुसरी वसाहत उभी करण्याचे ठरले. १९७८ पासून दहा वर्षे मेक्सिकोतून अंडी आणली गेली, ती पॅड्रे बेटाच्या वाळूत उबवली गेली, पिल्लांना त्या वाळूवरून थोडे चालू देऊन मग टाक्यांत नेले, आणि सुमारे वर्षभर वाढवून समुद्रात सोडले.

त्यांपैकी पहिल्या माद्या पॅड्रे बेटावर अंडी घालण्यास आल्याची नोंद झाली ती १९९६ साली. पहिल्या अंड्यांपासून अठरा वर्षांनी! म्हणजे टाकीत वाढवूनही वाट पाहणे काही टळले नाही. शिवाय टाकीत वाढलेल्या पिल्लाला शिकार करणे, लपणे, प्रवाह ओळखणे कितपत येते, याविषयी शास्त्रज्ञांत वाद झाला आणि टाकीत वाढवण्याचा तो मार्ग पुढे बंद करण्यात आला. त्या जातीला जो आधार मिळाला तो मुख्यतः दोन गोष्टींनी : अंडी घालण्याच्या किनाऱ्यावरील कडक राखण, आणि ट्रॉलरच्या जाळ्यातून कासवाला निसटता यावे यासाठी जाळ्यात बसवलेली झडप. दोन्ही उपायांत कासवाला हात लावण्याचे प्रयोजन नाही. हात आवरायचे आहेत ते माणसाचे.

मुलांची दुसरी सूचना अशी असते, की वाळूला थोडी अधिक ऊब दिली तर पिल्ले लवकर बाहेर येतील. येतील, हे खरे आहे. पण कासवाच्या पिल्लाचे नर किंवा मादी होणे हे उबवणीच्या मधल्या काळातील वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे तीस अंशांच्या आसपास नर आणि मादी दोन्ही निपजतात. वाळू थंड असली की नर अधिक, उष्ण असली की माद्या अधिक, आणि फारच तापली तर गर्भ दगावतो. एका आठवड्याच्या घाईने सबंध पिढीचा तोल बिघडू शकतो. जग तापत चालले असताना आजच अनेक किनाऱ्यांवर ही चिंता उभी आहे. तेथे राखणदार वाळूवर सावली धरतात. आग पेटवीत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो पोटाचा आहे. आणि तो घेणारे लोक माझे शेजारी आहेत, माझे जुने विद्यार्थी आहेत. ते म्हणतात, गावाचा चरितार्थ आता रापणीवर चालत नाही, तो पर्यटनावर चालतो. कासवांचा हंगाम आणि पाहुण्यांचा हंगाम एकच. २०२३ च्या जानेवारीपासून मोप्याच्या विमानतळावर विमाने उतरू लागली आणि आपल्या पेडणे तालुक्याच्या दारात जग आले. अशा वेळी किनाऱ्यावर दिवे लावू नका, संगीत वाजवू नका, खाटा मांडू नका, असे सांगणे म्हणजे आमच्या ताटातला घास काढून घेणे आहे.

हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्याने शॅकसाठी कर्ज काढले आहे त्याला पंधरा वर्षांनी परत येणाऱ्या कासवाची महती सांगणे मला, पगारी शिक्षकाला, सोपे आहे. परंतु वस्तुस्थिती काय आहे ती पाहा. वाळूतून बाहेर आलेल्या पिल्लाला समुद्र ठाऊक नसतो; त्याला केवळ उजेड ठाऊक असतो. लाखो वर्षे रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ जागा एकच होती : चांदण्याने चमकणारे पाणी. आज किनाऱ्यावर दिवा दिसला की पिल्लू पाण्याकडे पाठ करून दिव्याकडे चालू लागते. शिदोरीचा बलक त्या चालण्यातच संपतो आणि सकाळी ते कावळ्यांना सापडते. अंडी घालायला आलेली मादीदेखील उजेड आणि गोंगाट पाहून पुष्कळदा तशीच परत फिरते. तेव्हा मागणे धंदा बंद करण्याचे नाही. समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री मालवावेत, जे लागतीलच ते खाली वळवून झाकावेत, खाटा संध्याकाळी उचलून ठेवाव्यात आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटू नये, एवढेच मागणे आहे. अंधारलेला, शांत किनारा पाहण्यासाठी येणारा पाहुणाही या जगात आहे. वेळासने ते दाखवून दिले आहे. तो पाहुणा एका हंगामात सापडत नाही. त्याचीही वाट पाहावी लागते.

कोणी म्हणेल, या साऱ्या वाट पाहण्याचे फळ काय? फळ येते, पण ते आपल्या सवडीने येते. १८ मार्च २०२१ रोजी ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पराला धातूची लहानशी पट्टी लावण्यात आली. पट्टीवर क्रमांक होता ०३२३३. नंतर जवळजवळ चार वर्षे त्या पट्टीने कोणाला काही सांगितले नाही. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी आमच्या बाजूच्या समुद्रावर, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत, अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याचे कासव पश्चिम किनाऱ्यावर! तोपर्यंत दोन्ही समुद्रांतील कासवे वेगळी मानण्याकडे कल होता. सारे हिंदी द्वीपकल्प वळसा घालून आलेल्या त्या मादीने एका रात्रीत नवा प्रश्न उभा केला. आणि तो उभा राहिला, कारण चार वर्षांपूर्वी कोणीतरी उत्तराची घाई न करता एक पट्टी लावून ठेवली होती.

बरणीतल्या कोळ्यापासून हा लेख सुरू झाला. त्याच्याच कुळातील एक हकीकत सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन नावाच्या विदुषींनी १९७४ साली झाकणाच्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास सुरू केला. हा कोळी टॅरँटुलाचा दूरचा नातेवाईक; मादी सारा जन्म एकाच बिळात काढते. बाईंनी प्रत्येक बिळापाशी क्रमांकाची खूण रोवली आणि वर्षानुवर्षे त्या जागी जाऊन पाहत राहिल्या. बीळ उकरून मादीला बाहेर काढले असते तर तिचे वय कधीच कळले नसते. बाई वृद्ध झाल्या. त्यांचे काम त्यांच्या शिष्येने पुढे चालवले. २०१६ साली सोळा क्रमांकाच्या बिळाचे झाकण एका परजीवी गांधीलमाशीने भोकसलेले आढळले. त्या बिळातली मादी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. इतके दीर्घायुष्य लाभलेल्या दुसऱ्या कोळ्याची नोंद तोपर्यंत जगात नव्हती. एका माणसाचा सबंध व्यवसायकाल आणि एका कोळ्याचे आयुष्य ही जवळजवळ सारख्याच लांबीची ठरली. एवढा काळ जिने दुरून पाहिले, त्या बाईंच्या अभ्यासालाही मी कासवीची दृष्टीच म्हणेन.

पालकांना एकच विनंती करून आवरतो. आपल्या घरातले मूल हे कासवाचे अंडे नव्हे, हे मला कळते. त्याला जवळ घ्यावे लागते, बोलावे लागते, प्रसंगी रागवावेही लागते. परंतु दर घटक चाचणीनंतर त्याला उन्हाला धरून आत काय तयार झाले ते पाहण्याची जी सवय आपल्या घरांना लागली आहे, ती पाहिली म्हणजे मला विहिरीमागची ती बारा अंडी आठवतात. काही मुले वर्षभरात वाढतात. काही दोन कातींच्या मध्ये असतात. तेव्हा बाहेरून काही दिसत नाही, आणि त्याच वेळी त्यांचे अंग सर्वांत मऊ असते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला काय सांगू? या हंगामात कुंपणाशी जाल तेव्हा विजेरी घरी ठेवा. पिल्लू उचलून समुद्रात टाकू नका. वाळूवरचे ते चालणे त्याचे त्याला चालू द्या. त्या चालण्यातच त्याला आपला किनारा ओळखू येत असावा, असे जाणत्यांना वाटते. छायाचित्रासाठी त्याला हातावर घेऊ नका. आणि ज्यांच्या घरचा व्यवसाय किनाऱ्यावर आहे, त्यांनी समुद्राच्या बाजूच्या दिव्याचे बटण कोठे आहे ते आधी पाहून ठेवा. आज ते बटण वडिलांच्या हाती आहे; या वर्षीची पिल्ले परत येतील तेव्हा ते तुमच्या हाती असेल.

नववीतल्या त्या मुलाने जानेवारीत प्रदर्शनात काय मांडले ते सांगायचे राहिले. नाताळच्या सुट्टीत तो पुन्हा मामाकडे गेला आणि त्याने बरणीतले पिल्लू त्याच दरडीत, त्याच बिळापासून हातभर अंतरावर, सोडून दिले. प्रदर्शनात त्याने मांडला तो दरडीचा एक नकाशा. नकाशावर सात बिळे दाखवली होती. प्रत्येकाला क्रमांक दिलेला होता आणि समोर एक कोरी वही उघडून ठेवली होती. परीक्षकांनी विचारले, "यात निष्कर्ष कोठे आहे?" तो म्हणाला, "अजून नाही झाला. दर सुट्टीत जाऊन पाहणार आहे."

त्याला बक्षीस मिळाले नाही. वहीची पहिली दोन पाने मात्र भरली आहेत.